कुंदाआत्याचं शनिवारचं एक

थांबा, बाकीचं सगळं नंतर, हे आत्ताच सांगायला हवं. उद्यापर्यंत थांबले तर मी ते नीट शहाण्यासारखं लिहीन आणि त्यातली मजाच जाईल. जेवण टेबलावर गार होतंय, बाबा दोनदा हाक मारून गेले, आणि मी आतल्या खोलीत बसून टाइप करत सुटलेय. माझी कुंदाआत्या गेली त्याला आता काही आठवडे झाले. पण हा रडका लेख नाहीये हं. म्हणजे एक-दोन ठिकाणी होईल थोडंसं, ते सांभाळून घ्या. बाकी ही एका जिंकलेल्या बाईची गोष्ट आहे... आणि ती किती जिंकली ते मला स्वतःला आज संध्याकाळी कळलंय.

ती गेल्याचं मला मेट्रोत कळलं. नोएडाहून ऑफिस सुटून द्वारकेला घरी येत होते, उभीच होते, ब्लू लाइनला बसायला कुठे मिळतं. बाबांचा फोन आला. "ऋजू, कुठे पोचलीस?" मी म्हटलं, राजीव चौक. तर म्हणाले, "बरं. सावकाश ये." बस्स, तिथेच कळलं मला. माझे बाबा आयुष्यात कधी मला सावकाश ये म्हणालेले नाहीत. नेहमी "अजून तिथेच?" असं असतं. मी खांब धरून उभी राहिले, आणि डोक्यात पहिला विचार काय आला असेल? की यार, आज शुक्रवार आहे. एक दिवस थांबली असती तर तिला तिचा शनिवार मिळाला असता.

आता शनिवार म्हणजे काय ते सांगते. कुंदाआत्या बाबांची मोठी बहीण. साताऱ्याहून परीक्षा पास होऊन विशीतच एकटी दिल्लीत आली, केंद्र सरकारच्या नोकरीला लागली आणि रिटायर होईपर्यंत त्याच नोकरीत राहिली. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायची, "फाइल आली होती दोन-तीनदा, मी शेरा मारून परत पाठवली." मयूर विहारला एका सोसायटीत तिचा छोटासा फ्लॅट होता, बाल्कनीत तुळस, कढीपत्ता आणि एक वेताची खुर्ची. तर रिटायर झाली त्या दिवशी ऑफिसच्या ज्युनिअर मुलामुलींनी तिला एका मोठ्या हॉटेलात नेलं आणि "मॅडम, आज तो कुछ लेना पड़ेगा" असा आग्रह केला. आत्याने मेनूकार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं, टेंडर वाचावं तसं, आणि जिन, लिंबू आणि मध असं ज्यात लिहिलं होतं त्याच्यावर बोट ठेवलं. का, तर त्यातल्या तीनपैकी दोन गोष्टी तिच्या घरात होत्या! त्या ड्रिंकचं इंग्रजी नाव ‘बीज नीज’, म्हणजे मधमाशीचे गुडघे. आत्या म्हणाली, "माझे तर गेले, तिचे कसे आहेत बघू." आणि बघितलं, आणि आवडलं. पुढच्याच शनिवारी तिने एक बाटली घरी आणली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी अंघोळ करून, चांगली सुती साडी नेसून, बाल्कनीत त्या वेताच्या खुर्चीत बसून ती एक ग्लास घ्यायची. एक म्हणजे एकच. "माझं शनिवारचं एक," असंच म्हणायची. दुसरा कधी नाही, दुसऱ्या वारी कधी नाही.

मला मात्र द्यायची नाही. मी कॉलेजात असताना शनिवार-रविवार तिच्याकडे राहायला जायचे, आणि ती माझ्यासमोर नुसतं लिंबूपाणी ठेवायची. दिल्लीत पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय परवानगी नाही ना! माझे मित्र कुठे कुठे काय काय पीत होते आणि इथे माझी सख्खी आत्या मला कायदा शिकवत होती. पंचविसाव्या वाढदिवसाला मी पळत तिच्याकडे गेले, तर दारातच म्हणाली, "आधार कार्ड दाखव." मी म्हटलं, "आत्या, माझ्या बारशाला तूच घुगऱ्या वाटल्यास ना?" तर म्हणे, "ते ठीक आहे, पण कागद लागतो." दाखवला. चष्मा लावून तिने तारीख वाचली, मग बाजूला झाली आणि म्हणाली, "या मॅडम."

आणि मग मी तो ग्लास तोंडाला लावला आणि... अरे बापरे. वाईट होतं हो! म्हणजे वरवर नुसती कडक जिन आणि आंबट लिंबू, आणि खाली बर्फाला चिकटलेला मधाचा एक गोळा, टॉफीसारखा. आत्या सगळं पिऊन झालं की चमच्याने तो गोळा खरवडून खायची. "ही खरवड," म्हणायची, "बासुंदीच्या पातेल्याला असते तशी." इतकी वर्षं बिचारी असंच पीत होती! मी फोनवर शोधलं, तर दोन मिनिटांत कळलं की मध आधी गरम पाण्यात विरघळवून घ्यायचा असतो, मगच तो थंड जिनमध्ये मिसळतो. मी आनंदाने सांगायला गेले, तर आत्याचा चेहरा असा झाला की जणू मी तिला लाच घ्यायला सांगितली. "मध तापवायचा? मध तापवला की विष होतं. आजीने सांगितलंय." मी म्हटलं, "आत्या! तू जिन पितेस!" तर शांतपणे म्हणते, "जिनबद्दल आजी काही बोलली नव्हती."

तिच्या घरात मध तापला नाही. खरवड चालू राहिली.

मग मागच्या वर्षी थंडीच्या आधी आत्या बाथरूममध्ये घसरून पडली. खुबा बचावला, पण हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा हृदयाचं निघालं. डॉक्टर म्हणाले, अब अकेले नहीं रहना है। बाबा म्हणाले, ताई, द्वारकेला चल, आमच्याकडे. आत्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "येते. पण शनिवारी माझं एक लागेल. ते चालत असेल तर मी येते, आणि ते चालणार नसेल तर अरुण, मी तुमच्याकडे पाहुणी म्हणून राहीन. आणि मला पाहुणी म्हणून मरायचं नाहीये." बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. कारण बाबांना माहीत होतं, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, की आमच्या घरात बाटली येणं शक्य नव्हतं. आईच्या माहेरी तिच्या वडिलांची बाटली होती. त्याबद्दल ती कधी फार बोलली नाही, पण लग्नात तिने बाबांना एकच अट घातली होती, ही. ह्या घराचा उंबरा कुठल्याही बाटलीने ओलांडायचा नाही. आणि बाबांनी ती पाळली होती.

आईला विचारायची हिंमत बाबांना झाली नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी कणीक मळणाऱ्या आईच्या मागे उभी राहून एका दमात सगळं बोलून टाकलं. आई मळत राहिली, मळत राहिली, कणीक पार लोण्यासारखी झाली. मग म्हणाली, "त्यांच्या खोलीत. दार लावून. मला दिसायला नको आणि वास यायला नको." बस्स, इतकंच. आत्या आली. बाटली तिच्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांमध्ये, निर्वासितासारखी आली. वेताची खुर्ची मात्र टेम्पोतून राजरोस आली. आणि हृदयाच्या डॉक्टरांनासुद्धा आत्याने विचारून घेतलं होतं बरं का. ते म्हणाले, "थोड़ी चलेगी।" तर ही म्हणे, "थोड़ी मतलब कितनी? लिखकर दीजिए।" त्यांनी हसत हसत लिहून दिलं. शनिवारी एक, छोटा.

पहिला शनिवार मी कधीच विसरणार नाही. आत्या तिच्या खोलीत, दार बंद. आई हॉलमध्ये टीव्हीसमोर, आवाज मुद्दाम मोठा. बाबा पेपर उलटा धरल्यासारखे. आणि खोलीतून आवाज यायला लागला... टिण टिण टिण टिण... चमच्याचा. आत्या मध ढवळत होती. टिण टिण टिण. त्यात बाबांनी नुकताच पानिपतहून येताना हायवेवरून सरसोंचा, म्हणजे मोहरीच्या फुलांचा, मध आणला होता, आणि तो मध थंडीत तुपासारखा थिजतो, त्यामुळे हाल कुत्रा खाईना. टिण टिण टिण. आईने टीव्ही अजून मोठा केला. टिण टिण. मग आईने टीव्ही बंद केला, उठली, सरळ जाऊन दार उघडलं. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

"वन्सं," आई म्हणाली. एक सांगते, आई एरवी आत्याला ताई म्हणायची, वन्सं फक्त रागावली की. "वन्सं, काय चाललंय हे? जन्मात विरघळणार नाही तो असा!"

आत्या म्हणाली, "तापवायचा नाही ना, शैला."

"तापवायचा कुणी म्हणतंय? तापवायचा नाहीच." ह्या बाबतीत दोघींचं एकमत, ते बघून मला हसूच आलं. आईने मधाची बाटली उचलली, स्वयंपाकघरात गेली, स्टीलच्या खोलगट पातेल्यात लिंबं पिळली, मध घातला, चमचाभर साधं पाणी, आणि ताक घुसळायची लाकडी रवी काढली. (ह्या वस्तूला मी लहानपणापासून मथनी म्हणते आणि आई दर वेळी चिडते.) दोन्ही तळव्यांत धरून तिने जी फिरवायला सुरुवात केली... घर्रर्र, घर्रर्र... आणि मध गेला! पूर्ण गेला, वर पांढरा फेस, खाली सोनेरी. एक थेंब तापवला नाही आणि आजीचा शब्दही राखला. आईने ते पातेलं आत्यासमोर ठेवलं आणि बोट उगारून म्हणाली, "मी लिंबू-मधाचं सरबत केलंय. फक्त सरबत. पुढचं तुमचं तुम्ही बघा." आणि निघून गेली.

आत्याने त्यात जिन घातली, बर्फ घातला, एक घोट घेतला आणि ग्लास उजेडात धरून बघितला. मग म्हणाली, "ऋजू, हॉटेलात असं होतं बघ. मी इतकी वर्षं काय पीत होते ग?"

आणि हळूहळू सगळं घर कामाला लागलं की! खोटं वाटेल, पण खरं आहे. पुढच्या शनिवारी आईने विचारलं, "सरबत कधी हवंय?" त्याच्या पुढच्या शनिवारी तिने ठरवलं की बिया गाळायला हव्यात. मग थिजलेला मध बाल्कनीत उन्हात ठेवायला लागली, आणि त्यावरून दोघींची जोरदार चर्चा झाली की ऊन लागणं म्हणजे तापवणं का. (निकाल: दिल्लीचं जानेवारीचं ऊन म्हणजे ऊनच नव्हे.) जानेवारीत एकदा लिंबाबरोबर अर्धा किन्नू, म्हणजे इकडचं संत्रं, पिळून बघितला, आत्याने तो पास केला. बर्फाबरोबर हे सगळं जोरात हलवावं लागतं असं मी वाचून सांगितल्यावर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा निघाला, आणि तो हलवायचं काम बाबांकडे आलं. बाबा बीपीच्या गोळ्या घेतात, ते पीत नाहीत, पण डबा असा हलवायचे की विचारू नका, आरतीतला टाळकुट्या असतो ना, तसे, डोळे मिटून. बाटली बॅगेतून कपाटात आली, कपाटातून बाल्कनीतल्या स्टुलावर. आणि दार बंद होणं कधी थांबलं ते मला आठवतच नाही. एक दिवस बघितलं तर चौघं बाल्कनीत, आत्याच्या हातात तिचं एक, आमच्या तिघांच्या हातात आईचं सरबत. माझं पण सरबत हं, आईसमोर कोण घेणार.

एका शनिवारी आई बाटली उजेडात धरून बघत होती. म्हणाली, "ताई, ही अजून तीच?" आत्या म्हणाली, हो, तीच. आई म्हणाली, "आमच्याकडे बाटली उघडली की संपेपर्यंत कुणी झोपायचं नाही. ही... ही तर शनिवारची वाट बघत बसते." आत्याने ग्लास खाली ठेवला. नुसता आईचा हात धरला आणि तसाच धरून बसली. मी आणि बाबा खाली पार्किंगकडे बघत राहिलो, जणू तिथे काही फार महत्त्वाचं चाललं होतं.

आणि मग तो शनिवार, ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहितेय असं मला वाटत होतं, आजपर्यंत. संध्याकाळी बेल वाजली आणि आमच्या मराठी मंडळातल्या तीन काकू दारात, हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन, न सांगता. थेट आत आल्या, बाल्कनीपर्यंत. समोर आत्या, ग्लास, आणि स्टुलावर ती बाटली, लेबल बरोब्बर त्यांच्याकडे. मंडळात आई किती वर्षं कार्यकारिणीवर आहे हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून कल्पना येणार नाही. आत्याने ग्लास हळूच पदराआड घेतला. आमच्या कुंदाआत्याने! जी बाई खात्याच्या सेक्रेटरींना "सर, हे नियमात बसत नाही" असं तोंडावर सांगायची, तिने आमच्या घरात, आईच्या अब्रूसाठी, ग्लास लपवला. आईने ते बघितलं. एका काकूंनी नाकाने वास घेत विचारलं, "काय पिताय हो, छान दिसतंय?" आणि आई उठली, आत्याच्या पदराआडून तो ग्लास काढला, परत तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे ताईंचं, जिनचं. हे आमचं, बिनजिनचं. तुम्हाला कुठलं देऊ?"

त्या तिघींतल्या सगळ्यात मोठ्या काकू, सत्तरीच्या, नऊवारी नेसणाऱ्या, खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "ताईंचं बघू या थोडं." आत्या इतकी हसली, इतकी हसली की तिला खोकला लागला आणि बाबा डबा टाकून पाणी आणायला पळाले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर कुणीही काहीही बोललं नाही. फक्त एका काकूंनी आईला वेगळा मेसेज करून मधाचं प्रमाण विचारलं.

त्या रात्री झोपताना आत्या मला म्हणाली, "ऋजू, मी आता पाहुणी नाही हं." बस्स एवढंच म्हणाली, आणि दिवा मालवायला सांगितला.

त्यानंतर थोडेच शनिवार मिळाले. शेवटच्या दोनांत डॉक्टरांनी आता अजिबात नको म्हटलं आणि आत्याने ऐकलं, तिने आयुष्यात कुठलाही लेखी आदेश मोडला नव्हता. आई घुसळायची, आत्या नुसतं सरबत प्यायची. मग तो शुक्रवार आला. दिवस केले, पाहुणे आले, गेले. ते सगळं मी लिहीत नाही. शनिवारही येत होते आणि आम्ही ते गुपचूप जाऊ देत होतो... कुणीच बाल्कनीत बसत नव्हतं. घरात एकदम खूप जागा झाली होती, आणि ती कुणालाच नको होती.

आणि आज! आज पुण्याहून बाबांचे चुलतभाऊ, नानाकाका, भेटायला आले होते. माणूस चांगला आहे, पण प्रत्येक गोष्टीची व्यवस्था लावायची खोड आहे. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फळीवर, हिंग-हळदीच्या डब्यांशेजारी, ती बाटली दिसली. बाल्कनीतून तिथे कधी आली देव जाणे, मला खरंच माहीत नव्हतं. खालच्या आवाजात, समजूतदारपणे म्हणाले, "वहिनी, कुंदाताई गेल्या आता. हे घरात बरं दिसत नाही. मी जाताना घेऊन जातो, कुठेतरी टाकतो."

आई कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "राहू द्या. आम्हाला लागते."

नानाकाका म्हणाले, "तुम्हाला?"

"आज शनिवार आहे ना," आई म्हणाली, जणू त्यांनी एकादशीला साबुदाणा कशाला असं विचारलं होतं. मग उठली, लिंबं काढली, मध काढला, रवी काढली. घर्रर्र, घर्रर्र. बाबा हॉलमधून तो आवाज ऐकून आले, दारात थांबले, आणि डबा घेतला. आईने सरबत डब्यात ओतलं. मग फळीवरची बाटली खाली घेतली, तिचं झाकण आईच्या हाताने उघडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिने जिन मोजली. बरोबर मोजली! इतके महिने न बघता बघत होती तर. बाबांनी डोळे मिटून डबा हलवला आणि ह्या वेळी मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हात थांबत नव्हते. आईने गाळून ग्लासात घेतलं, बाल्कनीत गेली, आणि वेताच्या खुर्चीत, आत्याच्या खुर्चीत, बसली. नानाकाका बघत होते. मी बघत होते. आईने एक घोट घेतला. चेहरा वाकडा केला, खोकली, डोळे पुसले. म्हणाली, "शी! ह्याच्यासाठी एवढं?"

मग तिने अजून एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, आमटी चाखतात ना तसा, आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडली, "अहो, मध कमी पडलाय!"

तर हे सांगायचं होतं. तुमच्या घरी झालंय का असं कधी? गेलेल्या माणसाची सवय, ज्याने त्या सवयीला सगळ्यात जास्त विरोध केला त्यानेच अशी आपल्या हातात घेतली? झालं असेल तर मला लिहून कळवा ना, प्लीज... मला फक्त माहीत करून घ्यायचंय की आम्ही एकटेच नाही आहोत.